बुलेटवर उठणारा वळ: सीटिंगच्या रिंगचं निदान

बुलेट केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीत, बसवली, प्रेसमधून काढली आणि उजेडात फिरवली की निमुळत्या भागावर, म्हणजे ओजाइव्हवर, एक गोल रेघ दिसते. कधी ती नुसती चमक असते, कधी नखाला अडकणारा खळगा. हँडलोडिंग करणाऱ्यांचा, म्हणजे स्वतः काडतुसं भरणाऱ्यांचा, पहिला संशय सीटिंग स्टेमवर (प्रेसच्या डायमधला, म्हणजे साच्यातला, बुलेट आत दाबणारा दांडा) जातो आणि लगेच नवा स्टेम मागवला जातो. तो आल्यावर रिंग जरा पुसट होते, पण जात नाही. कारण रिंग हा दाबाचा वळ आहे, आणि दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. स्टेम बुलेटला फार अरुंद पट्ट्यावर टेकत असेल तर दोष स्टेमचा. पण बुलेट ढकलायलाच जास्त जोर लागत असेल, तर दोष केसच्या नेकमध्ये, म्हणजे बुलेट धरणाऱ्या मानेत, किंवा पावडरमध्ये असतो. अशा वेळी कितीही महाग स्टेम लावला तरी मूळ दोष राहतोच, फक्त त्याची खूण झाकली जाते.

पुढे जाण्याआधी कायद्याचं. हे सगळं अमेरिकेसारख्या देशात राहणाऱ्या, तिथल्या रेंजवर सेंटरफायर (केसच्या बुडाच्या मध्यभागी प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, असलेली) रायफल चालवणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकण्यासाठी बनवायची असतील तर लागतो. राज्यांचे नियम वेगवेगळे असतात, ते आपापले बघून घ्यावेत. भारतात मात्र शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे घरी बसून करायचा हा उद्योग नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, तिथे .२२ रिमफायर वापरतात. त्यात स्फोटक मिश्रण केसच्या कडेतच भरलेलं असतं, म्हणून ती पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही.

आता आकडे, कारण त्याशिवाय ही भानगड नीट कळत नाही. .३०८ विंचेस्टरची बुलेट ७.८२ मि.मी. व्यासाची. ओजाइव्हच्या वक्राची त्रिज्या व्यासाच्या सातपट धरली आणि स्टेमचं तोंड बुलेटला ६.५ मि.मी. व्यासावर टेकतंय असं समजलं, तर त्या जागी बुलेटचा पृष्ठभाग अक्षाशी जेमतेम ९ अंशांचा कोन करतो. म्हणजे ती पाचर झाली. तुम्ही सरळ खाली २५ किलोचा जोर दिलात तर पृष्ठभागावर लंब दिशेने, घर्षण सोडून दिलं तर, त्याच्या सहापटीहून जास्त बल येतं. घर्षण धरलं तर ते साधारण निम्मं होतं, तरीही तिप्पट उरतंच. स्टेमची कडा धारदार असेल आणि ०.१ मि.मी. रुंदीच्या वर्तुळावर टेकत असेल, तर तिथला दाब ४०० मेगापास्कलच्या आसपास जातो. जॅकेटचा गिल्डिंग मेटल म्हणजे थोडं जस्त घातलेलं तांबं. एवढ्या दाबाला त्यावर कायमचा पोचा पडतो. तेच बल १ मि.मी. रुंद पट्ट्यावर पसरलं की दाब ४० वर येतो आणि फार तर चमक उठते.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट उलगडते. लांब, सुईसारख्या बुलेटवर, ज्यांना व्हीएलडी म्हणतात, वळ जास्त का उठतात? त्या हळूहळू निमुळत्या होत जातात, त्यामुळे आखूड, बोथट बुलेटसाठी केलेल्या स्टेमचं तोंड त्यांना खूप मागे, रुंद भागावर, आणखी लहान कोनात पकडतं. पाचर जितकी चिंचोळी तितकी ती जास्त आवळते. कोन ८-९ अंशांच्या खाली गेला की बुलेट स्टेममध्ये अडकूनच बसते, आणि रॅम (केस वर-खाली नेणारा प्रेसचा दांडा) खाली येताना स्टेम तिला नेकमधून थोडी वर ओढतो. नेकची पकड हलकी असेल तर काडतुसाची लांबी एकदा बरोबर, एकदा चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त, असा खेळ सुरू होतो. लांबी अशी डोलायला लागली की दुसऱ्या कशाला दोष देण्याआधी स्टेमच्या तोंडावर बोट फिरवून कडा चाचपून बघा.

निदानाची सुरुवात काळ्या परमनंट मार्करने करायची. बुलेटचा निमुळता भाग टोकापर्यंत पूर्ण रंगवा, वाळू द्या, आणि साईज केलेल्या, म्हणजे डायमधून मूळ मापावर आणलेल्या, प्रायमर आणि पावडर नसलेल्या केसमध्ये नेहमीच्या सेटिंगला बसवा. मग भिंगाखाली शाई कुठे घासली गेली ते बघा. केसासारखी बारीक रेघ सर्व बाजूंनी सारखी असेल, तर स्टेमची नुसती कडा टेकतेय. एक-दीड मि.मी. रुंद पट्टा पुसला गेला असेल, तर स्टेम आणि बुलेट यांची जोडी चांगली आहे आणि चोर दुसरीकडे शोधायचा. रेघ एकाच बाजूला गडद असेल तर बुलेट तिरकी शिरतेय. टोकावरचीच शाई गेली असेल तर स्टेमची पोकळी उथळ आहे, म्हणजे बुलेट टोकावर दाबली जातेय.

हा शेवटचा प्रकार वळापेक्षा वाईट, आणि वळ उठत नसल्यामुळेच तो कुणाच्या लक्षात येत नाही. मॅच हॉलोपॉइंट (स्पर्धेच्या, टोकाला छिद्र असलेल्या) बुलेटची टोकं सारख्या लांबीची नसतात, एकाच डब्यात काही थाऊंचा फरक सहज सापडतो. टोकावर दाबून बसवलं की तो सगळा फरक सीटिंगच्या खोलीत उतरतो. ओळखायचं कसं, तर वर्निअरला कंपॅरेटर (ओजाइव्हवर टेकणारा जोड) लावून केसच्या बुडापासून ओजाइव्हपर्यंतची लांबी मोजा, आणि एकूण लांबीही मोजा. निरोगी डायमध्ये पहिली लांबी जवळपास स्थिर राहते आणि दुसरी डोलते. टोकावर दाबणाऱ्या डायमध्ये नेमकं उलटं: एकूण लांबी छान सारखी, ओजाइव्हची लांबी डोलणारी. नुसती एकूण लांबी मोजणाऱ्याला हीच डाय सर्वात अचूक वाटते.

मार्करने जागा कळते, बल कळत नाही. त्यासाठी तीन डमी, म्हणजे न उडणारी काडतुसं, करायच्या. पहिली वर सांगितली तशी रिकामी. दुसरीत नेहमीचा, मॅन्युअलच्या मर्यादेतला पावडरचा लोड, पण जिवंत प्रायमरच्या जागी उडालेला जुना प्रायमर परत दाबून बसवलेला, म्हणजे पावडर खालून गळणार नाही. तिसरी रिकामीच, पण तिची नेक एक्सपांडर मँड्रेलने (नेक आतून रुंद करणाऱ्या दांड्याने) उघडलेली, बुलेटच्या व्यासापेक्षा फक्त एक थाऊ लहान. तिन्हीत त्याच डब्यातल्या बुलेट, तीच डाय, तोच वेग. केसवर ठळक फुली मारा, दुसरीवर तर आधी मारा, कारण ती हुबेहूब खऱ्या काडतुसासारखी दिसते.

तिन्हींवर सारखीच रेघ आली तर स्टेम. पहिल्या-दुसऱ्यावर आहे आणि तिसरीवर नाही, तर नेक फार घट्ट आहे. फक्त दुसरीवर आहे, तर पावडर कॉम्प्रेस होतेय, म्हणजे बुलेटखाली दाबली जातेय. एवढा एक तास घालवला की पुढचे पैसे योग्य जागी जातात. आर्बर प्रेसला फोर्स गेज लावलेला असेल तर हेच आकड्यांत दिसतं, पण साध्या प्रेसच्या दांड्यालाही फरक हाताला लागतो.

रिंग उठण्याआधी काय बदललं, हा प्रश्न डमीपेक्षाही स्वस्त. डाय तीच, बुलेट तीच आणि गेल्या महिन्यात रिंग नव्हती, तर स्टेम रातोरात खराब होत नाही. केस नव्या कंपनीच्या आहेत का? बुशिंग डाय (जिच्यात नेकचा बाहेरचा व्यास ठरवणारी कडी, म्हणजे बुशिंग, बदलता येते) वापरणाऱ्यांची ही हमखास फसगत. समजा आधीच्या केसच्या नेकची भिंत साडेतेरा थाऊ होती. बुलेट ३०८ थाऊ, दोन भिंती २७, भरलेल्या नेकचा बाहेरचा व्यास ३३५. त्यात ३३३ चं बुशिंग म्हणजे दोन थाऊंची पकड, अगदी योग्य. आता नव्या केसची भिंत १५ थाऊ. भरलेली नेक ३३८ झाली, बुशिंग तेच ३३३, म्हणजे पकड पाच थाऊ. बुलेट आत ढकलताना नेक जबरदस्तीने ताणली जाते आणि तो सगळा जोर स्टेममार्फत ओजाइव्हवर येतो. बुशिंग कधीही नुसत्या कॅलिबरवरून घेऊ नका. आधी भरलेल्या काडतुसाची नेक मायक्रोमीटरने मोजा, त्यातून दोन थाऊ वजा करा, आणि तेवढ्या मापाचं बुशिंग घ्या. बोल्ट अॅक्शनला दोन पुरतात. सेमी-ऑटोमध्ये काडतूस मॅगझिनमधून आपटत वर चढतं, तिथे तीन थाऊपर्यंत ठेवतात.

केस जुन्याच असतील तर किती वेळा झाडल्या आहेत ते बघा. पितळ प्रत्येक वेळी फुगतं, प्रत्येक वेळी साईज होतं, आणि कडक होत जातं. कडक पितळ साईज केल्यावर किती परत उघडेल ते सांगता येत नाही, आणि बुलेट आत जाताना ते मऊ पितळासारखं मुकाट ताणलं जात नाही. याची ओळख म्हणजे एकाच खेपेतल्या काही काडतुसांवर रिंग आणि काहींवर नाही. उपाय अॅनीलिंग, म्हणजे तापवून मऊ करणं, फक्त नेक आणि खांदा (नेकखालचा उतरता भाग). केसचा बुडाकडचा भाग कधीही तापवायचा नाही. तो मऊ झाला तर झाडताना केस फाटून तप्त गॅस थेट नेमबाजाच्या तोंडावर येतो.

आणि तिसरा बदल, ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही: स्वच्छता. ओल्या टंबलरमध्ये स्टीलच्या पिनांनी केस आरशासारख्या होतात, पण नेकच्या आतला काजळीचा थरही निघून जातो. तो थर नैसर्गिक वंगण होता. नागडं पितळ आणि नागडं तांबं एकमेकांना चिकटतं आणि बुलेट हिसके देत आत जाते. वर पिनांच्या माराने केसच्या तोंडाला आतून बारीक ओठ येतो, तो जॅकेट खरवडतो. पिनांवरून आलेल्या प्रत्येक केसच्या तोंडाला चॅम्फर, म्हणजे आतून तासलेला उतार, परत द्यायचा. बोट-टेल नसलेल्या, सपाट बुडाच्या बुलेटला तर तो लागतोच. लांब बुलेटसाठी २२ अंशांचं व्हीएलडी चॅम्फर टूल घ्यावं. नेहमीच्या ४५ अंशांच्या टूलने तोंडाला आखूड उतार येतो, याने लांब उतार येतो आणि बुलेट अलगद सरकते. दोन-तीन हलके वळसे पुरे. तोंडाला सुरीसारखी धार येईपर्यंत फिरवलं तर केस तिथूनच चिरते. मग नेकमध्ये नायलॉन ब्रशने कोरडं ग्रॅफाइट किंवा अभ्रकाची पूड लावा. तेल, व्हॅसलीन, साईजिंगचं लुब्रिकंट नेकच्या आत नको, ते पावडरमध्ये उतरतं.

अशा अतिस्वच्छ केसमध्ये भरून महिनोन् महिने ठेवलेली काडतुसं नंतर खोल बसवायला घेतली की पहिला जोर सुटेपर्यंत भरपूर ताकद लागते, तेवढ्यात वळ उठलेला असतो. तिथे स्टेम दोषी नाही, धातू जडलेला आहे.

पावडरच्या बाबतीत गोष्ट सोपी. काडतूस कानाशी हलवलं आणि आत काहीच खुळखुळत नसेल, तर केस काठोकाठ भरली आहे किंवा बुलेट दाणे दाबत बसली आहे. लांब दाण्याच्या एक्स्ट्रूडेड पावडरमध्ये हे नेहमीचं. मॅन्युअलमध्ये त्या लोडपुढे कॉम्प्रेस्डची खूण असेल तर दाब चालतो, पण स्टेमवर भार वाढतोच. पावडर लांब ड्रॉप ट्यूबमधून हळूहळू ओतली की दाणे आडवे नीट बसतात आणि पातळी लक्षात येण्याइतकी खाली जाते. तेवढ्याने रिंग गेली तर उत्तमच. न गेल्यास जास्त घनतेच्या पावडरकडे वळा, पण तिचा लोड तिच्याच मॅन्युअलमधून, सुरुवातीच्या कमी मापापासून. नळीसारख्या स्लीव्हची आणि मायक्रोमीटरची मॅच सीटिंग डाय वापरत असाल तर तिचं माहितीपत्रक परत वाचा. अशा डायमध्ये कॉम्प्रेस्ड लोड बसवू नये अशी सूचना बहुधा असते, कारण पातळ भिंतीचा स्टेम त्या भाराने फुगतो किंवा तडकतो. तडकलेला स्टेम बुलेटवर एका बाजूला उभा ओरखडा काढतो. तशी खूण दिसली तर शोध तिथेच संपला.

आता स्टेम खरंच दोषी ठरला असेल तर. आधी तो उघडून धुवा. वंगण, शिसं, प्लॅस्टिकच्या टोकांचा चुरा यांचा खडा पोकळीत बसलेला असतो आणि एकाच जागी दाबतो. इथे कित्येकांचा प्रश्न सुटतो. सुटला नाही तर आतल्या कडेवर ४०० आणि मग ६०० नंबरचा वॉटर पेपर बारीक काडीभोवती गुंडाळून फिरवा, एवढाच की धार मोडेल. नखावर घासून पाहिलं तर साल निघता कामा नये.

त्याहून पुढे जायचं तर लॅपिंग. स्टेम ड्रिलच्या चकमध्ये पकडा, सुट्या बुलेटच्या निमुळत्या भागाला बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावा, ड्रिल मंद ठेवून बुलेट हाताने सरळ, हलकी टेकवा. नेहमी सुटी बुलेट, भरलेलं काडतूस कधीच नाही. दहा-पंधरा सेकंद, पुसा, मार्करने तपासा, पुन्हा. पट्टा सर्व बाजूंनी साधारण १ मि.मी. झाला की थांबा, मेटल पॉलिशने चमकवा, आणि पेस्टचा कणही उरणार नाही असं सॉल्व्हंटने धुवा, नाहीतर तीच पेस्ट पुढच्या शंभर बुलेट घासेल. बुलेट घासली जाते म्हणून मधूनमधून नवी घ्या, नाहीतर स्टेमला झिजलेल्या बुलेटचा आकार येईल.

यानंतर डाय जुन्याच आकड्यावर ठेवून काडतुसं भरायला बसू नका, लॅपिंग करणारे इथेच घसरतात. तोंडाची त्रिज्या नुसती ०.०५ मि.मी. वाढली तरी ९ अंशांच्या उतारावर बुलेट स्टेममध्ये ०.३ मि.मी. जास्त शिरते, म्हणजे काडतूस तेवढंच, सुमारे १२ थाऊ, लांब होतं. तुम्ही बुलेट बॅरलच्या लँड्सपासून (आतल्या उंच धारांपासून) १० थाऊ मागे ठेवत असाल, तर ती आता लँड्सला टेकून बसेल आणि चेंबरमधला दाब वाढेल. म्हणून कंपॅरेटरने शून्यापासून परत सेट करा.

इपॉक्सीने पोकळी भरणे हा दुसरा मार्ग. स्टेम अॅसिटोनने पुसा, आत दोन-चार चरे पाडा, बुलेटला मेणाचा पातळ हात द्या, पोकळीत स्टीलयुक्त इपॉक्सी अगदी थोडी घाला, आणि डमीतली बुलेट प्रेसमध्येच वर चढवून चोवीस तास तशीच सोडा, म्हणजे आकार सरळ रेषेत येतो. बेडिंग सुंदर होतं, पण एकाच बुलेटपुरतं, आणि कॉम्प्रेस्ड लोडखाली तडकतं. उत्पादकाचा व्हीएलडी स्टेम मिळत असेल तर खर्च करून तोच घ्यावा असं माझं मत.

टोकावर दाबणारा स्टेम पेपरने सुधारत नाही. त्याची पोकळी लेथवर मधोमध खोल करून घ्यावी लागते. हँड ड्रिलने ते करू नये, भोक हटकून तिरकं जातं.

एकाच बाजूची रेघ असेल तर बुलेट दोन टप्प्यांत बसवून बघा: अर्धी दाबा, केस अर्धा फेरा फिरवा, मग पूर्ण. यानेही रेघ बाजूलाच राहिली तर नेकच वाकडी आहे, आणि बहुधा साईजिंग डायच्या कोरड्या एक्सपांडर बॉलने ती ओढून वाकवलेली असते. रनआउट गेजवर (काडतुसाचा तिरकेपणा मोजणाऱ्या) दोन-तीन थाऊंपर्यंत चालवून घ्यावं, त्यापुढे साईजिंगकडेच परत जायचं.

केसच्या तोंडाशी चिकटून वळ किंवा तांब्याची साल दिसत असेल तर तो सगळा वेगळा विषय: डायचं अंग फार खाली उतरलंय आणि बुलेट सरकत असतानाच क्रिंप लागतोय, म्हणजे केसचं तोंड तिच्यावर आवळलं जातंय. डायच्या आट्या इंचाला १४, म्हणजे एक फेरा १.८ मि.मी. केस रॅमवर चढवून क्रिंपचा खांदा टेकेपर्यंत डाय फिरवा, तिथून एक पूर्ण फेरा वर घ्या, लॉक रिंग आवळा. क्रिंप हवाच असेल तर वेगळ्या डायने, वेगळ्या टप्प्यात.

राहिला प्रश्न वळ उठलेल्या काडतुसांचा. नुसती चमक, नखाला न लागणारी, तिच्यासाठी झोप उडवू नये. कागदावरच्या ग्रुपमध्ये ती शोधून सापडणार नाही. नखाला लागणारी पण सर्व बाजूंनी सारखी रिंग असेल, तर ओजाइव्हपर्यंतची लांबी मोजा. ती ठरल्याच्या दोन थाऊंच्या आत असेल तर सरावाला वापरा, स्पर्धेला नको. जॅकेट कापलं गेलंय, बुलेट चेपलीय किंवा केसचा खांदा फुगलाय, ती उडवायची नाही. कोलेट पुलरने किंवा हातोड्यासारख्या इनर्शिया पुलरने बुलेट काढा, डोळ्यांवर चष्मा ठेवून. इनर्शिया पुलरमध्ये काडतूस पुलरच्याच चकमध्ये धरा, प्रेसच्या शेलहोल्डरमध्ये (केस धरणाऱ्या खाचेत) नाही. निघालेली पावडर कोणती याची शंभर टक्के खात्री नसेल तर ती डब्यात परत ओतू नका, टाकून द्या. केसमध्ये प्रायमर अजून जिवंत आहे, त्यामुळे तिला पुन्हा साईज करायची तर डीकॅपिंग रॉड (प्रायमर बाहेर ढकलणारी सळई) काढून.